उत्तराने कापलेली अक्षरवही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि माझं एकही पान अखंड नाही. पण हळहळू नका, आधी ऐका.

कल्याणला हरिहरपंतांच्या घरी, माडीवरच्या खिडकीशी मी जन्मले. पंत ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. शंभर वर्षांपूर्वीची मोडी वाचणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. जुन्या कागदात अक्षराचं अनोखं वळण दिसलं की ते बोरूने माझ्यात उतरवून ठेवीत. 'क'च्या पानावर 'क'ची सारी रूपं, 'ख'च्या पानावर 'ख'ची. दुपारचं ऊन पानावर उतरायचं, शाई हळूहळू वाळायची, आणि सारं जग माझ्यात मावलंय असं मला अर्धवट झोपेत वाटायचं. येणारेजाणारे कौतुक करीत. मी चांगलीच शेफारले होते.

मग पंत गेले. मला उघडणारी एकच उरली, त्यांची सून उत्तरा. रोजच्या वळणाची मोडी तिला पंतांनीच शिकवली होती.

माघात ठाण्याच्या खाडीकाठचा इनास आला. त्याच्या आणि शेजाऱ्याच्या वाडीत एकच बाव होती, आणि त्या विहिरीला शेजाऱ्याने कुलूप घातलं होतं. इनासची केळी पाण्यावाचून सुकत होती. आज्याच्या वेळचा कागद त्याच्याजवळ होता, पण तो कुणालाच वाचता येईना.

"बाय, पंतांच्या वहीत सगला हाय ना? बघ ना जरा."

उत्तराने मला उघडलं आणि ती पहिल्याच ओळीत अडली. खाली गाठ असलेलं एक अक्षर होतं. त्याला कोणत्या पानावर शोधायचं?

"इनासदादा, अक्षर कोणतं ते कळलं तर पान उघडता येईल. आणि तेच तर कळत नाही!"

माझ्यात बाराशे रूपं होती. ती चाळून चाळून तिचे डोळे दुखले. इनास रिकाम्या हाताने परतला. फाल्गुनात तो पुन्हा आला, तेव्हाही तसंच झालं. त्याने केळीचं एक वाळलेलं पान उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उत्तरा कातर घेऊन बसली. "मामंजी, रागावू नका," ती म्हणाली. मला भीती वाटली, फार भीती वाटली. पंतांनी लावलेला क्रम म्हणजेच मी, असं मला वाटत होतं.

तिने एकेक रूप कापून वेगळं केलं, त्याच्यापुढे त्याचं नाव लिहिलं आणि ती सारी रूपं दिसण्याप्रमाणे चिकटवली. गाठीची एकीकडे, पोटाची दुसरीकडे, शेपटीची तिसरीकडे. आठ दिवस माडीवर खळीचा वास होता. जन्मभर दूर राहिलेली अक्षरं शेजारी आली, आणि ती एकमेकांसारखी किती दिसतात ते मला तेव्हा कळलं.

मग तिने इनासला कागद घेऊन बोलावलं, आणि एकाच दुपारीत तो लागला. 'बावेचे पाणी उभयतांनी निमेनिम घ्यावे.'

"आमचा आजा हेच बोलायचा, बाय!" इनास रडू लागला. रविवारी कागद पंचांपुढे वाचला गेला आणि कुलूप निघालं.

पुढे तो केळ्यांचा घड घेऊन आला. "आर्धी वाडी वाचली," तो म्हणाला. "आर्धी गेली." उत्तराने मान खाली घातली.

मित्रांनो, तुम्ही काही जपून ठेवाल तेव्हा ज्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही, त्यालाही ते सापडेल असं ठेवा. ती केळी वाळत होती, त्या सगळ्या दिवसांत ती अक्षरं माझ्याच पोटात होती.