हाजराबीबीच्या रिकाम्या फेऱ्या

साबिराआपाचं पत्र रमजानमध्ये आलं होतं. बकरी ईद होऊन गेली तरी बदरुद्दीनमियांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र कपाटातल्या एका जाड पुस्तकात होतं आणि ते पुस्तकही त्यांनी तेव्हापासून उघडलं नव्हतं. ज्या माणसाची उभी हयात ग्रंथालयाच्या नोकरीत गेली, त्याने एखादं पुस्तक टाळावं, ही साधी गोष्ट नव्हे.

आपा श्रीवर्धनला राहायची. फोन तिच्याकडेही होता. पण फोनवर धाकटा भाऊ नुसता ‘हं, हं, बघू’ करतो हे ठाऊक असल्यामुळे तिने मुद्दाम कागदावर लिहिलं होतं. या हिवाळ्यात तिला उमऱ्याला, म्हणजे हजच्या धाकट्या यात्रेला, मक्केला जायचं होतं. सोबत बदरू आला तर ती जाणार, नाहीतर राहू दे. हो की नाही ते लिहून कळव.

मक्केची वाट बदरुद्दीनमियांना तोंडपाठ होती, पण पुस्तकातली. पंचाईत होती ती त्यांच्या स्वभावाची. खांदेश्वरच्या घराला कुलूप लावून ते जिना उतरत आणि कुलूप ओढून बघायला पुन्हा वर चढत. ज्याचा कुलपावर विश्वास बसत नाही, त्याने अल्लाच्या घरी कुठल्या तोंडाने जायचं? आणि तिथे आपल्या हातून काही चुकलं म्हणजे? ‘नाही’ लिहावं तर आपाचं जाणं बुडणार. ‘हो’ लिहायला हात धजत नव्हता.

एका रविवारी ते असेच कुलूप बघायला वर चढत असताना शेजारच्या शहजादने त्यांना जिन्यात गाठलं. शहजाद पनवेलहून उमऱ्याला माणसं घेऊन जायचा. जाणाऱ्यांची आज शिकवणी होती. चाचांनी नुसतं येऊन बसावं, एवढंच त्याचं म्हणणं. नाही म्हणायलाही धीर लागतो, म्हणून बदरुद्दीनमिया गेले.

लग्नाच्या हॉलमध्ये फ्रिजच्या खोक्याला काळं कापड गुंडाळून काबा केला होता. स्टेजच्या टोकाला सफा टेकडी, स्वयंपाकघराच्या दाराशी मरवा. मधल्या भिंतीपाशी पाण्याचा जार. सगळं जमून आलं, मौलानाच तेवढे आले नव्हते. कळंबोलीला ट्रक आडवा झाला होता आणि ते त्याच्या मागे अडकले होते. शहजादने माईक सरळ चाचांच्या हातात दिला.

बदरुद्दीनमियांनी माईक खाली ठेवला आणि पहिल्या रांगेकडे बघत हळू आवाजात बीबी हाजराची गोष्ट सांगितली. ओसाड माळावर नवरा तिला आणि तान्ह्या इस्माईलला सोडून निघाला. हा हुकूम अल्लाचा आहे का, एवढंच तिने विचारलं. हो म्हटल्यावर ती निमूट मागे फिरली. मग पाणी संपलं, पोर तडफडू लागलं. ती सफावर चढून बघून आली, मरवावर चढून बघून आली, पुन्हा सफावर. सात खेपा झाल्या आणि पाणी फुटलं ते पोराच्या टाचांपाशी.

सांगता सांगता त्यांचा आवाज जरा मोठा झाला. त्या धावण्याची आठवण म्हणून आजही दोन हिरव्या खुणांच्या मध्ये पुरुषांनी पावलं पळती ठेवायची. बायका आपल्या चालीने चालतात, असंही त्यांनी सांगितलं.

“म्हंजे बाईच्या पाठी मरद धावतान, ते हितंच काय ते,” पहिल्या रांगेतली जैबूनखाला म्हणाली. हॉलभर हसू पसरलं.

त्या भरात बदरुद्दीनमियांनी सफापासून सरावही सुरू केला. स्वतः पुढे, बोटांवर मोजत. जमिनीवर चिकटवलेल्या हिरव्या टेपांच्या मध्ये ते चक्क धावले; टोपी एकदा पडलीसुद्धा. चौथ्या फेरीपर्यंत अर्ध्या बायका भिंतीला टेकल्या. सातवं बोट मिटलं तेव्हा उरलेले सगळे धापा टाकत स्टेजपाशी उभे होते आणि दारात मौलाना.

“झाल्या सात?”

“झाल्या,” बदरुद्दीनमिया म्हणाले.

“सात फेऱ्या मरवावर संपतात. तुम्ही सगळे सफावर कसे?”

शहजादने कपाळाला हात लावला. “चाचा, जाणं एक, येणं दुसरी. तुम्ही जाऊन येऊन एक धरलीत. चौदा झाल्या!”

बदरुद्दीनमियांचे कान तापले. नेमकी ज्या चुकीची धास्ती होती तीच झाली होती, तीही भरल्या हॉलसमोर. ते माफी मागू लागले, तर मौलानांनाच हसू आवरेना. चुकून जास्त झाल्या तर उमरा मोडत नाही, ते म्हणाले, पाय तेवढे मोडतात.

जारपाशी बसलेल्या जैबूनखालाने ग्लास रिकामा केला. “इतक्या येरझाऱ्या केलाव, नि पानी हितंच होता.”

लोक पुन्हा हसले. बदरुद्दीनमिया मात्र टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. पाणी सफावर नव्हतं, मरवावरही नव्हतं. बीबी हाजराने शोधलं तिथे ते कधीच नव्हतं. पाणी मिळेलच अशी खात्री असती तर ती धावली कशाला असती? एकाच जागी बसून राहिली असती. खात्री नव्हती, तरी उठली. आणि जग आजवर गिरवतं ते तिच्या त्या रिकाम्या फेऱ्याच. हे सगळं त्यांनी आताच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि सांगताना ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ते जाड पुस्तक काढलं, पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि त्याच बैठकीत उत्तर लिहिलं. खाडाखोड न होता त्यांच्या हातून निघालेला बहुधा हा पहिलाच कागद.

‘साबिराआपा, सलाम. येतो. पळायचं काम माझं. फेऱ्या मात्र तू मोजायच्या.’

कुलूप लावून ते खाली उतरले आणि परत न चढता थेट पोस्टाच्या पेटीपाशी गेले. पत्र आत टाकलं. ते खाली पडल्याचा आवाज आला की नाही, याची मात्र त्यांना खात्री नव्हती.