झडती

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या चांदीच्या कारखान्यातून सुटताना बायकांची झडती व्हायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. चांदीच ती. नखाएवढा तुकडा अंबाड्यात बसतो, चपलेच्या पट्ट्यात बसतो. जिन्याखालच्या खोलीत झुंबरबाई स्टुलावर पाय पसरून बसलेली असायची. डबा उघड, बांगड्या मागं सार, केस मोकळे कर. हात चालायचा तशी जीभही चालायची.

"दाव गं अंबाडा. नवऱ्यासाठी चांदीची वीट चाललीया वाटतं घेऊन!"

"वीट कशाला, मावशी, आख्खी भट्टीच घातलीया डोस्क्यात," कुणीतरी म्हणायचं आणि बायका हसत हसत बाहेर पडायच्या.

अर्शी त्यांच्यातलीच. रोज हुपरीहून एसटीनं यायची, पैंजणांना घुंगरू जोडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. हुपरीत तिच्या सासरीही पैंजणंच होत होती. ह्याच कारखान्यातून चांदी यायची, सासू आणि नवरा घरात बसून साखळ्या ओवायचे. पण घरच्या कामाला सुनेला पगार नसतो. स्वतःच्या नावाचा पगार असावा, एवढ्यासाठी तिनं बाळंतपणाची रजा संपल्या संपल्या कारखाना पुन्हा धरला. तिची लेक इरम तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. सकाळी तिच्या मुठीतून ओढणी सोडवून घेताना अर्शीचा जीव रोज नव्यानं तुटायचा.

दुपार कलली की दूध भरून यायचं. दगडासारखी जड व्हायची छाती. इरमच्या जुन्या झबल्याचं मऊसूत कापड घडी करून ती आत ठेवायची, म्हणजे कुडता भिजत नसे. झुंबरबाईला ते ठाऊक होतं. ती तिथवर हात नेतच नसे. "जा बाई, लेकरू वाट बघत असंल," एवढंच म्हणायची.

गुरुप्रसाद तिथला सुपरवायझर. अर्शी रजेवरून परतल्यापासून त्याचं सुरू झालं होतं. "आज कुणासाठी नटलीयास?" खुर्चीमागं येऊन उभं राहायचं, मान वाकवून तिच्या खांद्यावरनं काम बघायचं. मोबाईलवर गाणी पाठवायची. एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाळंतपणानं बाई खुलती बघा." बायकांनी खाली माना घातल्या. अर्शीनं त्याचा नंबर बंद केला, खुर्ची भिंतीला लावून घेतली. चीड यायची, किळस यायची, सकाळी एसटीत चढताना पाय जड व्हायचा. पण घरी पोचून लेकीला उचललं की ते उंबऱ्याबाहेर राहायचं.

त्या दिवशी झुंबरबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "आज झडती न्हाय, नुसत्या पिशव्या बघतो," असं गुरुप्रसादनं दुपारीच सांगून टाकलं. बायका खूश. सुटताना अर्शी मोरीत दूध पिळून टाकत होती. दुखायला लागलं होतं, एसटीत धक्के सोसले नसते. नवी घडी आत ठेवून ती जिन्याखाली आली तेव्हा बाकीच्या रस्त्याला लागल्या होत्या.

"सगळ्यांत शेवटी? काय शोधत होतीस?" गुरुप्रसाद म्हणाला.

तिनं पिशवी पुढं केली. त्यानं ती बघितलीच नाही. खोलीचं दार लोटलं.

"ते काय फुगलंय? चांदी हाय काय?"

"बाळाचं कापड हाय, भाऊ."

भाऊ म्हणाली ती. त्यानं एका हातानं तिचा खांदा भिंतीवर दाबला आणि दुसरा कुडत्याच्या गळ्यातून आत घातला. झडतीचा हात शोधतो आणि निघतो; झुंबरबाईच्या हाताखालून रोज जाणाऱ्या बाईला ते कळतं. हा हात काही शोधत नव्हता. ती ओरडली, नखं मारली, त्यानं खांद्यावरचा दाब वाढवला. बाहेर वॉचमननं फाटक ओढल्याचा आवाज झाला तेव्हा कुठं तो मागं झाला. ओली घडी दोन बोटांत धरून बघितली.

"अरे, दूध हाय व्हय!" म्हणाला, हसला, घडी खाली टाकली आणि दार उघडलं.

घरी पोचल्यावर सासूनं, रोशनबीनं, इरमला मांडीवर दिलं. लेकरानं तोंड लावलं आणि अर्शीचं सगळं अंग असं दचकलं, की पोर घाबरून रडायला लागलं. आईच्या अंगाला लेकरू लागलं आणि अंग मागं सरलं! खुर्चीमागच्या बोलण्यानं कधी असं झालं नव्हतं. ते बोलणं दिवस नासवायचं. ह्या हातानं तिच्या लेकीचं दूध नासवलं.

"काय झालं गं?" रोशनबीनं विचारलं.

"अम्मा, त्या गुरुप्रसादनं… तसलं केलं."

"तसलं म्हंजे?" सासूनं विचारलं खरं, पण विचारतानाच दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरं, बरं. ऱ्हाऊ दे. तोंडानं बोलू नये तसलं. शेजारी कान असत्यात."

त्यांच्या घरात असं सगळं 'तसलं' या एका शब्दाच्या पदराखाली जायचं. सासऱ्यानं मारलेलं, दिरानं बघितलेलं, बसमध्ये कुणी चिमटा घेतलेला. लहान-मोठं काहीही त्या पदराखाली मावायचं आणि तिथं गेलं की सगळ्याचा आकार एकच दिसायचा.

कारखान्यात तक्रार समिती होती. कायद्यानं ठेवावी लागते म्हणून ठेवलेली. अर्शीनं तिच्याकडं तक्रार दिली. मालक हंबीररावांची सून भैरवी हिशेब बघायची, तीच समितीची अध्यक्ष. बाहेरच्या सदस्य म्हणून लीलाताई नावाच्या वकीलबाई यायच्या. हंबीरराव समितीत नव्हते. पण खोली त्यांची, म्हणून ते कोपऱ्यात पेपर धरून बसले. "तुमचं चालू द्या. मी आपला वडीलधारा म्हणून बसलोय."

अर्शीनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. गाणी, खुर्ची, बाळंतपणावरचं ते बोलणं. तिथवर शब्द आले. मग झुंबरबाई रजेवर असल्याचं सांगितलं, दार लोटल्याचं सांगितलं, आणि पुढं शब्दच नाहीत. कोपऱ्यातल्या पेपराचं पान हललं.

"मग त्यानं तसलं केलं," ती म्हणाली.

लीलाताईंनी चष्म्यावरून बघितलं. "तसलं म्हणजे काय, बाळ? नेमकं सांग. बोलला, की हात लावला? कुठं लावला? कसा? छळ वेगळा आणि अंगावर हात टाकणं वेगळं. दुसरं असेल तर ते इथल्या इथं मिटवायचं नसतं. तुला पोलिसांत जायचं असेल तर जायला आम्हीच मदत करायची असते."

"अहो, झडतीत हात लागतोच की," भैरवी मध्येच म्हणाली. "चांदीचं काम आहे. तिनं आत काहीतरी ठेवलेलं, त्याला संशय आला. त्यानं बाई बोलवायला हवी होती, ही चूक. आहेच चूक. मी नाही म्हणत नाही."

"तिला बोलू द्या."

अर्शीनं तोंड उघडलं. समोर पेपर होता, पेपराच्या वर पांढऱ्या भुवया होत्या. आपली छाती ह्या खोलीत शब्दांनी उघडी करायची?

"त्रास दिला मला," ती म्हणाली. "लई त्रास दिला."

लीलाताईंनी तेवढंच लिहून घेतलं.

पुढचं भराभर झालं. भैरवी तिला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाली, "समेट करूया का? तू मागितलास तरच हं, कायदाच तसा आहे. म्हणून म्हणते, तूच माग." गुरुप्रसाद हात जोडून आला. "ताई, चुकून हात लागला असंल तर माफ करा."

"चुकून न्हाय," अर्शी म्हणाली.

"मागितली ना माफी त्यानं? आता शब्द कशाला धरून बसतेस?" भैरवी म्हणाली. "आणि त्याला इथून हलवतोय आम्ही. तुला त्याचं तोंडसुद्धा दिसणार नाही."

जाताना लीलाताई जिन्यावर थांबल्या. "मन बदललं तर पोलिसांचं दार बंद झालेलं नाही. समितीनं काही ठरवलं म्हणून ते बंद होत नाही." अर्शीनं मान हलवली. तिला फक्त एसटी गाठायची होती.

रविवारी दुपारी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. बाहेर मोटरसायकल थांबली आणि सोहेलचा, तिच्या नवऱ्याचा, मोकळा आवाज आला.

"या या, पावणं! बसा. अर्शे, चहा ठेव गं!"

तिनं दारातून बघितलं. घोंगडीवर गुरुप्रसाद बसला होता. शेजारी काटा, चांदीची थैली. त्याला हुपरीच्या कामावर टाकलं होतं. आता तोच घरोघरी चांदी देणार, तोच तयार पैंजणं तोलून नेणार. कुठल्या बाईला किती काम द्यायचं तेही तोच ठरवणार. दुपारी, पुरुष बाहेर गेलेले असताना, घरात बसून.

सोहेलला अर्शीनं सांगितलं होतं. म्हणजे 'त्रास दिला' असं सांगितलं होतं. तो आत आला, कुजबुजला, "माफी मागितलीया त्यानं. मिटलंय न्हवं? आता पोटाचा प्रश्न हाय. हसू नको, पण तोंड तरी पाडू नको."

चहा रोशनबीनंच नेला. गुरुप्रसादनं बशीत ओतून फुर्र केलं. पलीकडं पाळण्यात इरम हातपाय उडवत होती. तो तिच्याकडं वाकला. "आगं आगं, आईवर गेलीया की पोरगी," म्हणाला आणि गालाला हात लावायला हात पुढं केला.

"हात मागं घे."

अर्शी दारात उभी होती. हाताला पीठ होतं. आवाज मोठा नव्हता, पण कोल्हापूरच्या खोलीत जे पेपराखाली अडकलं होतं ते इथं अडकलं नाही.

"अर्शे, आत जा," सोहेल म्हणाला.

"अम्मा, तुमी इचारलं हुतं तसलं म्हंजे काय. ऐका आता. ह्यानं दार लावलं. मला भिंतीला दाबलं. कुडत्यात हात घालून माझी छाती दाबली. मी वरडले तरी सोडलं न्हाय. माझ्या पोरीचं दूध ह्याच्या हाताला लागलं आणि हा हसला."

शेजारच्या घरातली घुंगरांची खळखळ थांबली, म्हणजे तिथंही पोचलं होतं.

"वहिनी, मिटलेलं उकरून काढू नका," गुरुप्रसाद म्हणाला. "समितीत असलं काय बोलला न्हाईसा."

रोशनबीचं तोंड पांढरं पडलं होतं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. त्याच्या पुढची कपबशी उचलली, अर्धा चहा तसाच.

"पावणं, उठा."

"मावशी, विचार करा. काम—"

"उठ म्हणतीया न्हवं, भाड्या!"

तो उठला. काटा घेतला, थैली घेतली. उंबऱ्यात सोहेलकडं बघून म्हणाला, "मग चांदी मी शेजारी देतो." मोटरसायकल सुरूसुद्धा केली नाही त्यानं, पायीच पलीकडच्या दारात गेला. थोड्या वेळानं तिथून कपबशीचा आवाज आला.

सोहेल डोकं धरून बसला होता. "झालं समाधान? गावात तोंड दावायला जागा ठेवली न्हाईस. त्रास दिला एवढं पुरं हुतं की. एवढं उघडं करून काय मिळवलंस?"

अर्शी चुलीकडं वळली. भाकरी तव्यावर जळली होती.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला दोघी गेल्या, सासू आणि सून, इरमला घेऊन. पोलीस ठाण्यात बाकावर बराच वेळ बसल्यावर एका बाई पोलिसानं आत बोलावलं. मान खाली घालूनच विचारलं, "काय, छेड काढली? त्रास दिला, असं लिहू?"

"त्रास लई दिवस देत हुता," अर्शी म्हणाली. "बोलायचा, गाणी पाठवायचा. त्येबी लिवा. पर त्ये येगळं आणि ह्ये येगळं. दोन्ही एकात कालवू नका. ह्यात त्यानं अंगावर हात टाकलाय. दार लावून, जबरदस्तीनं."

बाईनं मान वर केली. "मग इतके दिवस काय केलंस?"

"समितीपुढं बसले हुते."

"तिथं हे सांगितलंस?"

"न्हाय. लाजले."

"वकील हेच धरून बसेल बघ. तिथं एक आणि इथं एक, म्हणेल." ती वाईट बोलत नव्हती, दमली होती. "कुणी पाहिलं?"

"त्यानं दार लावलं हुतं."

बाईनं उसासा टाकला, नवा कागद घेतला. "सांग. सावकाश सांग. कुठं, कसं, सगळं. मी विनयभंगाचं कलम लावायला सांगते, पण कोर्टात हे दहा वेळा सांगावं लागेल. दहा पुरुषांपुढं. तयारी आहे?"

रोशनबीनं इरमला छातीशी घट्ट धरलं आणि सुनेच्या आधी म्हणाली, "व्हय."

अर्शीनं सांगितलं. कुठला शब्द गाळला नाही. एकदा आवाज फुटला तेव्हा थांबली, पाणी प्यायली, पुन्हा तिथूनच धरलं. पेन थांबत थांबत चाललं. सही झाली.

"घरचं कोण आलंय बरोबर?"

"सासू."

"नवरा?"

अर्शीनं सासूकडं बघितलं. सकाळी त्या दोघी निघाल्या तेव्हा सोहेलनं चप्पल घातली होती आणि न बोलता शेजारच्या घरात गेला होता. तिथं गुरुप्रसादनं काल दिलेली चांदी पडली होती, आणि ओवायला माणसं कमी होती.

"कामाला गेलाय," ती म्हणाली. कुणाच्या, ते सांगितलं नाही.