गंधाचं बोट

धुळ्याच्या स्टँडवर उतरले नि रिक्षावाल्याला म्हटलं, "जीवराम उद्यान." त्यानं कोण जीवराम म्हणून विचारलं नाही. "बसा अक्का," म्हणाला. माझ्या नवऱ्याच्या नावाची बाग रिक्षावाल्याला ठाऊक! मी पदर सारखा केला आणि जरा ताठ बसले.

एकोणीस वर्षं झाली ह्यांना जाऊन. वीटभट्ट्यांवर डांबलेल्या मजुरांना सोडवण्यात जन्म गेला. बागेच्या पाटीवर 'मानवी हक्कांचे कार्यकर्ते' असं लिहिलंय म्हणे. मी आपली 'मोर्चेवाले' म्हणायची. पोरबाळ नाही झालं. अमळनेरच्या त्या दोन खोल्यांत माझ्याशी बोलायला ह्यांचा एक फोटो तेवढा होता. तुरुंगातून सुटले तेव्हाचा, दारापुढे हे आणि शेजारी ह्यांचे मित्र पितांबरभाऊ. रोज अंघोळ झाली की ओल्या फडक्यानं कालचं गंध पुसायचं, ह्यांच्या कपाळावर आजचं लावायचं. फ्रेमची काच कधीचीच फुटलेली, नवी टाकायची राहूनच गेली.

तोच फोटो गेल्या वर्षी उद्यान समितीवाले पुतळ्यासाठी घेऊन गेले. महिन्याभरात परत देतो म्हणाले. कसला महिना नि कसलं काय! उद्घाटनाला मला जाता आलं नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आणि खरं सांगू? फोटो नव्हता तर मी ह्यांचा चेहरा विसरायला लागले. आवाज आठवायचा, अहिराणीतला. "रडू नको, मी शे ना!" पण बोलणारं तोंड काही केल्या दिसेना. मला भीती वाटायला लागली. म्हणून आले. बागबिग बघायची हौस नाही मला.

समितीचा सेक्रेटरी हेमराज फाटकाशी उभा होता. पोरगेलासा, ह्यांना कधी न पाहिलेला. "या काकू, या," करत कारंज्यापलीकडे घेऊन गेला. पुतळा छातीपर्यंतचा, गळ्यात कालचा हार. मी चष्मा पुसून वर बघितलं.

रुंद नाक, झुपकेदार मिशा. अगं बाई!

"हे कोण?" मी म्हटलं.

"म्हणजे काय काकू? जीवरामभाऊ."

"डोंबल तुझं! ह्यांना मिशी कधी होती? हे पितांबरभाऊ आहेत!"

हेमराजचा चेहरा खर्रकन उतरला. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण झोपाळ्यावरची पोरं थांबून बघायला लागली. "डोळे फुटले होते का तुमचे?" एवढं म्हटल्याचं आठवतं. तो बिचारा ऑफिसातून पाकीट घेऊन आला.

"काकू, फोटोत एकाचाच चेहरा दिसत होता. आम्हाला वाटलं, हेच ते."

फोटो हातात घेतला. पितांबरभाऊ मिशीत हसत होते. शेजारी सदरा होता, खांद्यावर पंचा होता, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. माझ्या बोटाएवढा.

वर्षानुवर्षं मीच पुसत आले होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय कळणार? मला तर रोज दिसत होते हे.

"दुसरा एखादा फोटो असेल तर द्या," हेमराज हळूच म्हणाला, "पुतळा बदलून घेऊ."

"नाही रे बाबा दुसरा," मी म्हटलं. "कुठेच नाही."

तो पाणी आणायला गेला. मी पुतळ्यासमोरच्या बाकावर बसले. जगात एवढी माणसं, पण ह्यांचं नाक कसं होतं हे विचारायला मला एकही उरलं नव्हतं. ज्याला माहीत होतं असा एकच, तो समोर धातूचा होऊन उभा.

पितांबरभाऊ एकटा जीव. ना बायको, ना घर. जन्मभर माझ्या हातची भाकर खाल्ली आणि ह्यांच्याआधीच गेले. त्यांचा फोटो कुणाच्या भिंतीवर असणार?

हेमराज पाणी घेऊन आला. "काय करायचं काकू?"

"राहू दे त्यांना," मी म्हटलं.

पिशवीत गंधाची डबी होती, ह्यांच्यासाठी आणलेली. बाकाला धरून उठले, चौथऱ्यावर चढले. बोट बुडवलं आणि पितांबरभाऊंच्या कपाळाला लावलं.

अगदी हलकं लावलं.