धाकट्याचा व्हॉल्यूम

त्याने यादी तिसऱ्यांदा वाचली. जुन्या डिस्कवरचं सगळं सकाळपासून तुकड्यातुकड्याने नव्या डिस्कवर सरकलं होतं. वर वॉर्डांत डॉक्टर एक्स-रे उघडून बघत होते, आणि त्या एक्स-रेंनी खाली बिऱ्हाड हलवलंय याची कुणाला गंधवार्ता नव्हती. मागे उरला होता एकच चिमुकला व्हॉल्यूम, डिस्कवरचा वेगळा आखलेला कप्पा. नाव ‘धाकटा’.

त्याला धाकटा म्हणणारं माणूस एकच. बाई. या हॉस्पिटलच्या सर्व्हररूममध्ये त्यांनी त्याला बोट धरून काम शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी इथून दोन महिन्यांचे एक्स-रे नाहीसे झाले, चौकशी बसली आणि विभागप्रमुख म्हणून बाईंनी राजीनामा दिला. आज त्यांच्या खुर्चीत तो होता.

व्हॉल्यूममध्ये एकच फाइल होती. एक्स-रे गेले त्या दुपारच्या कमांडची नोंद, वेळेसकट.

व्हॉल्यूम लहान करायचा तर आधी आतला पसारा आवरायचा, मग बाहेरची भिंत अलीकडे ओढायची. बाई हे पाढ्यासारखं घोकून घेत. त्या दुपारी लवकर सटकायच्या नादात कुणीतरी भिंत आधी ओढली, आणि कडेचे दोन महिने कापले गेले. नोंदीतल्या त्या ओळीपुढे लॉगिन त्याचं होतं.

ते त्याला ठाऊकच होतं. मूळ नोंद त्यानेच तर घाईघाईने पुसली होती. पण पुसण्याआधी बाईंनी प्रत काढून ठेवली होती, आणि चौकशीत चकार शब्द काढला नव्हता.

इतक्या वर्षांत त्याने त्यांना एकदाही फोन केला नव्हता. आता केला.

“बाई, मी बोलतोय.”

“धाकट्या! आज कशी काय आठवण झाली?”

“जुनी डिस्क काढतोय. तुमचा एक व्हॉल्यूम राहिलाय. ठेवायचा का?”

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.

“उघडून बघितलास?”

सगळं ओठांवर आलं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला.

“बरं. मग टाक काढून. तुझाच होता तो.”

फोन ठेवल्यावर त्याने कमांड दिली. नक्की काढायचा का, मशीनने विचारलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. तरी त्याने ‘हो’ दाबलं, डिस्क बाहेर ओढली आणि टेबलावर ठेवली. ती अजून कोमट होती.

आता पुरावा कुठेच नव्हता. त्याने पुन्हा नंबर लावला. काय म्हणायचं ते या वेळी त्याने मनात दोनदा घोकलं.

रिंग वाजून वाजून बंद झाली. त्याने परत लावला.