ऋषिकेशची साखर

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीजर आहे. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत उभा असतो. बाहेर मे महिना डांबर वितळवतो, माझ्या पोटात मात्र उणे ऐंशी अंश. एके काळी पाहुण्यांना आधी मला दाखवत. आता माझ्या डोक्यावर जुने खोके ठेवतात.

माझ्या तिसऱ्या कप्प्यात ऋषिकेश होता. म्हणजे त्याच्या मांडीच्या स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा. नागपूरजवळच्या वाडीच्या या मुलाला कधी मान धरता आली नाही. मागच्या वर्षी तो गेला. त्याची आई सोनिका पुन्हा गरोदर आहे. पोटातल्या बाळालाही तेच दुखणं आहे का, हे शोधायची वाट या तुकड्यातून जात होती. दुसरा तुकडा नव्हता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख उत्तरा मॅडमनी सोनिकाला आणि तिच्या सासूला, तुळसाबाईंना, माझ्यासमोरच समजावलं होतं.

"मेंदू घडताना पेशींना कुठे थांबायचं ते कळावं लागतं. पेशींबाहेर एक जाळी असते. मेंदूत आणि स्नायूतही एक प्रथिन आपल्या साखरेच्या साखळीने ती जाळी धरून ठेवतं. साखळी अपुरी राहिली, की पकड सुटते आणि पेशी हद्दीबाहेर वाहून जातात."

"म्हंजे त्याले शुगरची बिमारी नोयती?" तुळसाबाईंनी विचारलं.

"नाही, मावशी. ही खायची साखर नव्हे."

"डाक्टर म्हने, शुगरची गडबड हाय. म्या पोराच्या जिभेले गूळ लागू देला नाही वं. रडे, तरी नाही."

काल सकाळी माझी मोटर अडखळली आणि बंद पडली. मी धोक्याची घंटा वाजवली.

"काहून कोकलून राहिला हा डब्बा?" म्हणत प्रयोगशाळेतल्या मोहितने घंटेचं बटण दाबलं आणि तो चहाला गेला.

मी मुका झालो. लाल दिवा रात्रभर लुकलुकत राहिला. थरांनी साचलेला बर्फ सुटला, पाणी दाराखालून बाहेर गेलं. आज बाहेरच्या बाकावर दोघी तपासणीची वाट पाहत होत्या.

"माहा पाय भिजला. पानी कुठून येऊन राहिलं वं?" तुळसाबाई म्हणाल्या.

उत्तरा मॅडम धावल्या. त्यांनी ऋषिकेशच्या तुकड्याची नळी उचलून कोरड्या बर्फात खुपसली.

"चालंन का, मॅडम?" सोनिकाने पोटावर हात ठेवून विचारलं.

"तपासून पाहू. आत्ता सांगता येत नाही."

मित्रांनो, यंत्र ओरडलं तर त्याचं तोंड दाबू नका. आधी दार उघडून पाहा.

तुळसाबाईंनी पिशवीतून गुळाचा खडा काढला. उन्हातून आल्यावर पाण्यासोबत खायला आणला होता. माझ्या रिकाम्या तिसऱ्या कप्प्यात तो ठेवत त्या म्हणाल्या, "घे बापा."

माझ्यात आता थंडी उरलेली नाही. गूळ पाघळतो आहे.