फुमिए आजींचा अंगठा

दुपारच्या सुट्टीत कुवाबारा नेहमीच्या रामेन नूडल्सच्या दुकानात येऊन काउंटरवर बसला. फुमिए आजी एरवी काठोकाठ भरलेला वाडगा दोन्ही हातांत धरून आणायच्या. आज त्यांनी तो ट्रेमध्ये आणला. ट्रे सारखा कलत होता, आणि त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर बरंच सूप ट्रेमध्ये सांडलं.

"माफ करा हं, अजून सवय नाही झाली," आजी म्हणाल्या. "कुणीतरी इंटरनेटवर लिहिलंय, म्हातारीचा अंगठा सूपमध्ये बुडतो म्हणून."

"तोंडावर बोलायची हिंमत नाही मेल्याला," पातेल्यामागून त्यांचा मुलगा खेकसला.

"चिडतोस कशाला? खरंच बुडायचा."

कुवाबाराचे कान तापले. ते त्यानंच लिहिलं होतं. त्या दिवशी साहेबानं चारचौघांत झापलं होतं, तो राग कुणावर तरी काढायचा होता. त्यानं मान खाली घालून वाडगा तळापर्यंत संपवला आणि उठला.

आजी दारापर्यंत सोडायला आल्या. "इतकी वर्षं येताय, तुम्हाला तर रोज दिसत असणार. पण कधी चकार शब्द काढला नाहीत," असं म्हणून त्या कमरेतून वाकल्या.

कुवाबारा त्यांच्याहून खाली वाकला. त्याला मान वर करवेना.