बुधवारची गाडी

गोल्फ म्हणजे काय, तर चांगल्या धडधाकट माणसाने स्वतःचाच बॉल स्वतःच्या हाताने लांब घालवायचा आणि मग तो शोधत उन्हातान्हात वणवण करायची. माझं हे मत मी कधी लपवून ठेवलेलं नाही. आमच्या ह्यांच्या तोंडावर बोलले, त्यांच्या मित्रांच्या तोंडावरही बोलले. तेव्हा सगळे हसायचे. "वहिनी, एकदा येऊन तर बघा," म्हणायचे. मी म्हणायचे, मला घरात कामं आहेत, तुमच्यासारखी रिकामटेकडी नाही मी.

हे पाणीपुरवठ्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि कुणीतरी यांना नगरपालिकेच्या मैदानावर नेलं, ते कायमचंच. ज्येष्ठांचं एक मंडळ होतं, दर बुधवारी सकाळी खेळायचं. मंडळाचा एक कॅप्टन होता. म्हणजे सैन्यातला नव्हे हो, दरवर्षी हात वर करून निवडायचा तसला. पण आमच्या या कॅप्टनविरुद्ध कुणाचा हात कधी वर झालाच नाही, त्यामुळे तो जन्माचा कॅप्टन झाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. उभ्या गावाला चष्मे लावले आणि शेवटी त्याच्याच डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचा बिचारा. दुसरे पोस्टमास्तर. त्यांना ऐकू यायचं नाही आणि ते मान्यही करायचे नाहीत. या दोघांना त्यांच्या त्यांच्या दारातून उचलायचं, मैदानावर न्यायचं आणि परत आणून सोडायचं हे काम आमच्या ह्यांचं. गाडी आमची ना.

आणि आमचे हे सगळं विसरत चालले होते.

हे मला कधी कळलं ते सांगते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. हे पाना घेऊन ओट्याशी बसले. मी भाजी निवडत होते. बराच वेळ खटपट ऐकू येईना म्हणून वळून बघितलं, तर पाना हातात तसाच. मला म्हणाले, "अगं, हा बंद करायचा तर कुठल्या बाजूला फिरवायचा?" ज्या माणसाने अख्ख्या शहराचे नळ दुरुस्त केले, तो मला विचारत होता. मी म्हटलं, "राहू दे, उद्या बघू." बाथरूममध्ये गेले आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले.

मग यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांसमोर हे असे काही बोलले की बघत राहावं. हसले, विनोद केले, तारीख-वार बरोब्बर सांगितला. वर म्हणाले, "आमच्या हिला काळजी करायची सवयच आहे." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरच्या माणसाचं ऐकूनच मी गाडी बंद करायला सांगितली तर ते मानणार नाहीत. यांना घराबाहेर बराच वेळ बघणारं कुणी आहे का? त्यांना मला फोन करायला सांगा." मी कॅप्टनला सांगितलं. म्हटलं, भावजी, तुमच्या पाया पडते, जे दिसतं ते सांगा. त्याने फोन केला. काय सांगितलं असेल? "ठणठणीत आहे! या वर्षीचा कप तोच मारणार."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला एकच गोष्ट हवी होती. यांच्या हातातली गाडीची चावी जावी, तीही कुणाचा जीव जायच्या आत. माझं ऐकत नव्हते. चावी लपवली तर घर डोक्यावर घेतलं. जगात एकाच माणसाचं ऐकलं असतं, कॅप्टनचं. आणि तो म्हणे ठणठणीत!

वर्षातून एकदा मंडळाची कपासाठी स्पर्धा व्हायची, त्या दिवशी बायकांना जेवायला बोलवायची त्यांची पद्धत होती. मी कधी गेले नव्हते. या वर्षी नणंदेला म्हटलं, मला तिथे सोड, आणि जेवणाच्या पुष्कळ आधीच जाऊन थडकले. यांच्या गाडीत बसणं मी केव्हाच सोडलं होतं. पुढचा दिवा फुटला होता तो "खांबाने" फोडला होता म्हणे. खांब चालत आला असेल.

शेवटचे काही होल मी त्यांच्या मागे मागे चालले. यांना वाटलं, बायकोला अखेर अक्कल आली. खूश होते. पहिल्यांदा बॉल मारला तो उलट्या बाजूला, आधी खेळून झालेल्या होलाच्या दिशेने. कॅप्टन चाचपडत गेला, बॉल उचलला, योग्य जागी आणून ठेवला आणि म्हणाला, "मस्त पडलाय रे!" यांनी मान डोलावली. पुढे बॉल होलाच्या जवळ गेला. जवळ म्हणजे आमच्या दोन खोल्यांच्या घराएवढा लांब. तेवढ्यात पोस्टमास्तर ओरडले, "दिला!" यांनी बॉल उचलून खिशात टाकला.

"दिला म्हणजे काय हो?" मी विचारलं.

पोस्टमास्तरांना ऐकू आलं नाही. कॅप्टनने सांगितलं. बॉल होलापासून वीतभर असला, की समोरच्याने दिलदारपणे म्हणायचं, दिला. म्हणजे गेलाच असं धरायचं, मारून दाखवायची गरज नाही. मित्रांमधली रीत. पूर्वी वीतभराला द्यायचे. मग गुडघे गेले, वाकता येईना, तेव्हा काठीभराला द्यायला लागले. मग एकाची कंबर, एकाचे डोळे, एकाचा हात थरथरायला लागला, तसतसं हे देणं लांबत गेलं. त्या दिवशी मी बघितलं, प्रत्येकजण प्रत्येकाला देत होता. कॅप्टनला बॉल दिसत नव्हता, हे सांगायचे कुठे पडला ते, आणि तेही चुकीचं. तो चुकीच्या जागी मारायचा आणि सगळे म्हणायचे, दिला. जितके कमी फटके तितकं चांगलं, तर पोस्टमास्तर यांचे फटके मनाला येईल तेवढे कमी सांगायचे. अशाने कप मिळणार नाही तर काय!

मला हसू आलं. मग गाडी आठवली.

मी कॅप्टनला धरून कपडे बदलायच्या खोलीमागे नेलं. "भावजी, हे काय चालवलंय? बॉल द्या हवे तेवढे, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही गाडीसुद्धा दिलीत यांना!"

तो माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "वहिनी, आम्ही नऊजण उरलोय. नव्या मॅनेजरने सांगितलंय, आठ माणसं उभी राहिली नाहीत तर बुधवारची सकाळ बंद. कंपन्यांना द्यायचीय त्यांना. हा गाडी घेऊन आला नाही तर हा गेला, मी गेलो, पोस्टमास्तर गेले. राहिले सहा."

"मग नवीन माणसं घ्या."

"कुठून घेऊ? साठीला निवृत्त होतंय कोण आता? सत्तरीपर्यंत नोकऱ्या करतात, मग नातवंडं सांभाळतात. एकजण आला होता. म्हणाला, तास-दीड तासात आटपतं का? तरुणांना तर पडद्यावरच्या खोट्या मैदानासमोर उभं राहून बॉल मारायचाय, चालायला नको."

"मग तास-दीड तासाचं करा. बायकांना घ्या. मैदानावर किती बायका दिसल्या मला."

"वहिनी, नियम असा काही नाही, पण…"

"पण तुमची मिजास आडवी येते. मरा मग."

शेवटचे दोन शब्द बोलायला नको होते. त्याचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, "माझ्याकडे बुधवार सोडला तर काही नाही हो. सून चांगली आहे, पण दिवसभर घरी कुणी नसतं. मी रेडिओ ऐकत बसतो." मग डोळे पुसून म्हणाला, "मला मान्य आहे. त्याला मीच सांगायला पाहिजे. जेवणानंतर सांगतो. शब्द देतो."

जेवणं झाली. कॅप्टन उठला. मी पदर घट्ट धरून बसले होते. त्याने घसा साफ केला आणि यांच्याकडे वळला. हे लहान पोरासारखे त्याच्याकडे बघत होते. आणि त्या मेल्याने कप उचलून यांच्या हातात दिला.

यांनी भाषण केलं. काय सुंदर बोलले! "नोकरीत असताना लोक मला नळवाला म्हणायचे. इथे कुणी काय करतो हे विचारलं नाही. तुम्ही मला मित्र दिलेत." सगळे म्हातारे नाक ओढायला लागले. मीसुद्धा रडले, खोटं कशाला बोलू? कितीतरी दिवसांनी मला माझा नवरा दिसला होता.

बाहेर गाडीपाशी मी कॅप्टनची बाही पकडली. "काय ठरलं होतं?"

"उद्या सकाळी घरी येतो. आल्या आल्या सांगतो. आज नको, वहिनी. आज कप आहे त्याच्या हातात. आजचा दिवस ताठ मानेने घरी जाऊ द्या. एवढं एक द्या."

हे चावी बोटावर फिरवत उभे होते. किती दिवसांत शीळ घातली नव्हती, ती घालत होते. नणंद केव्हाच परत गेली होती. मी यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "दिलं."

मी आणि पोस्टमास्तर मागे बसलो. पुढची सीट कॅप्टनची. का, ते गाडी फाटकाबाहेर पडल्यावर कळलं. "आता डावीकडे घे. हळू. बस पुढे आहे. सरळ, सरळ." अहो, आंधळा रस्ता सांगत होता आणि विसरलेला गाडी हाकत होता! दोघं मिळून एक अख्खा माणूस होत होता, आणि हे असं कित्येक बुधवार चाललं होतं. मी समोरची सीट दोन्ही हातांनी आवळून धरली. म्हटलं, फक्त घरापर्यंत. फक्त घरापर्यंत पोचू दे.

आमच्या घराअलीकडच्या चौकात यांनी विचारलं, "काय आहे रे?"

"हिरवा आहे, जा," कॅप्टन म्हणाला.

सिग्नल लाल होता. हिरवी होती ती कडेच्या औषधाच्या दुकानाची पाटी. मी "अहो, थांबा!" म्हणून किंचाळले. पण गाडीत हे माझं ऐकायचे नाहीत, कॅप्टनचंच ऐकायचे.

ती बाई रस्ता ओलांडत होती. कामावर निघाली असावी, गळ्यात ओळखपत्र होतं. गाडीने तिला उडवलं नाही, खाली घेतलं. मी उतरले आणि तिच्याजवळ बसले. एक पाय भलतीकडेच वळला होता आणि कानातून रक्त येत होतं. "माझी ड्युटी आहे, मला उशीर होतोय," एवढंच ती सारखी म्हणत होती. मी तिचा हात धरला आणि हो बाळा, हो बाळा करत राहिले. अँब्युलन्स येईपर्यंत ती बोलायची थांबली होती. मागे पोस्टमास्तर ज्याला त्याला विचारत होते, "काय झालं? काय झालं?"

पोलीस आला. तरुणच होता. "गाडी कोण चालवत होतं?"

कॅप्टन पुढे आला. गाडीची चावी त्याने केव्हा काढून घेतली होती कोण जाणे, ती पुढे धरून म्हणाला, "मी."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे पुढे झाले. यांचा चेहरा रागाने लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. कॅप्टनचा खांदा धरून म्हणाले, "तुला किती वेळा सांगितलं रे! डोळे गेलेत तुझे, गाडी चालवू नकोस. एका माणसाचा जीव घेतलास ना शेवटी?" खोटं बोलत नव्हते. यांना तसंच आठवत होतं.

कॅप्टन खाली मान घालून उभा राहिला. "चुकलं माझं," म्हणाला.

अँब्युलन्सचं दार बंद झालं. त्या बाईची पिशवी अजून माझ्याच हातात होती. मी उठले. म्हटलं, "साहेब, गाडी हे माझे यजमान चालवत होते. यांना स्मृतिभ्रंश आहे. भावजींना दिसत नाही, ते शेजारी बसून रस्ता सांगत होते. मी मागे होते, मी बघितलंय."

पोलीस लिहायचा थांबला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला, किती मायेने ठेवला, आणि पोलिसाला आवाज खाली आणून म्हणाले, "मनावर घेऊ नका, साहेब. हल्ली हिच्या लक्षात राहत नाही. परवाच डॉक्टरकडे नेलं होतं."

पोलिसाने कॅप्टनकडे बघितलं. "काकूंच्या लक्षात राहत नाही, हे खरं का हो, काका?"

कॅप्टनने यांच्याकडे तोंड फिरवलं. त्याला किती दिसलं असेल कुणास ठाऊक. मग तो पोलिसाकडे वळला आणि त्याने होय म्हणून मान हलवली.